राग, आजार की द्वेष? गुन्ह्याचा हेतू नेमका कुठे ठरतो?

गोदातीर (धागाकर्ता):

जून २०२३ या एकाच महिन्यात आपल्या इगतपुरीच्या बाजूला दोन जीव गेले. टेम्पोतून जनावरं नेणाऱ्यांपैकी एका तरुणाचा मृतदेह घाटनदेवीजवळच्या दरीत सापडला. महिनाअखेरीस सिन्नर-घोटी रस्त्यावर गंभीरवाडीजवळ गाडीतून मांस नेणाऱ्या कुर्ल्याच्या दोघांना जमावाने मारलं, त्यातला एक गेला. पुढच्या वर्षी, २८ ऑगस्ट २०२४ ला, जळगावकडून कल्याणला लेकीकडे निघालेल्या बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये गोमांसाच्या संशयावरून मारहाण झाली. तीही इगतपुरीच्याच आसपास.

तिन्ही वेळा पंचनामा पुरा व्हायच्या आत लोकांनी हेतू ठरवून टाकला होता. कोणी म्हणे कायदा मोडणाऱ्यांना अडवताना प्रकरण हाताबाहेर गेलं. कोणी म्हणे धंद्यातला पैशाचा वाद. रेल्वेच्या वेळी 'जागेवरून भांडण झालं, बाकी काही नाही' असं सांगणारे पुष्कळ भेटले. दुसरीकडे पहिला व्हिडिओ पाहूनच सगळं आधीपासून कट करून घडवलं, असं छातीठोकपणे सांगणारेही होते.

मी बरीच वर्षं नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या बातम्या केल्या. त्यामुळे हा प्रश्न मला कट्ट्यावरच्या गप्पांचा वाटत नाही. हेतू काय लिहिला जातो यावर कलम ठरतं, कलमावर जामीन ठरतो, काही कायद्यांत तर तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा तेही त्यावरच ठरतं. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना पुन्हा त्याच गावात राहता येईल का, हेसुद्धा बरंचसं त्यावर अवलंबून असतं.

३१ जुलै २०२३ ची जयपूर-मुंबई एक्स्प्रेस आठवा. पहाटेच्या वेळी पालघर-विरारच्या पट्ट्यात रेल्वे सुरक्षा दलाच्या एका कॉन्स्टेबलने आधी आपल्या वरिष्ठाला गोळ्या घातल्या आणि मग वेगवेगळ्या डब्यांत तीन प्रवाशांना. तिन्ही प्रवासी मुसलमान. थोड्याच वेळात तीन गोष्टी सुरू झाल्या. पहिली, त्याला बरं वाटत नव्हतं, मध्येच उतरायचं होतं, वरिष्ठाने ड्यूटी पुरी करायला सांगितली म्हणून डोकं फिरलं. दुसरी, मानसिक आजार. तिसरी, मुसलमान म्हणून निवडून मारलं.

पहिली गोष्ट कोणी हवेतून काढलेली नाही, ती त्याच्या सहकाऱ्याच्याच जबाबात आहे. पण ती चारपैकी एका मृत्यूपाशी संपते. वरिष्ठावरचा राग तीन अनोळखी प्रवाशांपर्यंत कसा पोचला? तोही डबे ओलांडत, वाटेतली एवढी माणसं सोडून? मृतदेहाशेजारी उभा राहून तो काय बोलला याचा व्हिडिओ आहे. लोहमार्ग पोलिसांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये हजार पानांहून मोठं दोषारोपपत्र दाखल केलं, त्यात खुनाच्या कलमासोबत धार्मिक तेढ वाढवण्याचं १५३-अ हेही कलम आहे.

माझं म्हणणं असं की राग, आजार आणि द्वेष यांतलं एक खरं ठरलं म्हणजे बाकीची दोन आपोआप खोटी पडतात, हे गृहीतच चुकीचं आहे. तिन्ही एका माणसात एकाच वेळी असू शकतात. प्रत्येक गोष्टीला विचारायचं ते हे: समोर असलेल्या पुराव्यांपैकी किती तू समजावून सांगतेस, आणि कोणते तुला झाकून ठेवावे लागतात?

तपासाचा, कोर्टाचा, गावातल्या अशा प्रसंगांचा अनुभव असणाऱ्यांनी जरूर लिहा. मृतांची आणि आरोपींची नावं इथे घेऊ नयेत ही विनंती.

द्राक्षबाग:

गोदातीर भाऊ, तुमची तळमळ कळते, पण गावाकडची बाजूही ऐका.

आमच्या निफाड तालुक्यात बांधावरून, पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून, ट्रान्सफॉर्मरवरून भांडणं होतात. डोकी फुटतात. दोघं एकाच जातीचे असले की आठवड्यात चार शहाणे बसून मिटवतात. दोघं वेगळ्या जातीचे किंवा धर्माचे असले आणि कोणी एकदा 'हा द्वेषाचा गुन्हा' म्हणालं, की मिटवणारे मागे सरतात आणि बाहेरून गाड्या यायला लागतात. मग ज्या दोन घरांचं भांडण होतं ती दोन घरं बाजूलाच राहतात.

आणि पहिली बातमी कायम खरी असते असंही नाही. जून २०२१ मध्ये गाझियाबादजवळ लोणीला एका वृद्धाला मारून त्याची दाढी कापल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. धर्मावरून मारलं, घोषणा द्यायला लावल्या, असं सांगितलं गेलं. उत्तर प्रदेश पोलिसांनी सांगितलं की ताबिजावरून वैयक्तिक वाद होता आणि मारणाऱ्यांत दोन्ही धर्मांचे लोक होते. व्हिडिओ पसरवला म्हणून पत्रकारांवर गुन्हे दाखल झाले.

म्हणून माझं मत, आधी मारहाण म्हणून गुन्हा नोंदवा, मारणाऱ्याला आत टाका. मनात काय होतं ते मागाहून बघू. मारहाण ती मारहाणच.

गोदातीर:

@द्राक्षबाग, लोणीचं उदाहरण योग्य आहे, पण ते अर्धंच आलं. त्या वृद्धाच्या घरच्यांनी ताबिजाची गोष्ट साफ नाकारली होती. म्हणजे तिथेही दोन गोष्टी समोरासमोर होत्या, आणि त्यातली एक पोलिसांच्या तोंडून आली म्हणून लगेच ग्राह्य धरली गेली. मी व्हिडिओवाल्यांना जे विचारतो तेच पोलिसांच्या पत्रकालाही विचारायला हवं.

निवृत्त_अंमलदार:

मी खात्यात जन्म काढला, जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या ठाण्यांत. 'मागाहून बघू' म्हणणाऱ्यांना सांगतो, मागाहून बघायला काही उरत नाही.

फिर्याद कशी लिहिली जाते ते सांगतो. रात्रीची वेळ. फिर्यादीचं डोकं फुटलेलं, सोबतचे नातेवाईक रडतायत. ठाणे अंमलदार विचारतो: किती जण होते, हातात काय होतं, किती वाजता, कुठे. हे सगळं बरोबर आहे. पण मारताना ते काय बोलत होते, हे विचारलं तरी कागदावर काय उतरतं? 'शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली.' वर्षानुवर्षांचा साचा आहे, हात आपोआप तेच टाइप करतो. कोणती शिवी दिली, कोणत्या धर्माचं किंवा जातीचं नाव घेऊन दिली, काय बोलायला भाग पाडलं, ते तिथेच गेलं. सहा महिन्यांनी तोच माणूस कोर्टात सांगायला लागला की बचावाचा वकील उभा राहतो: 'हे फिर्यादीत कुठे आहे? आता पढवून आणलंय.'

सकाळी पत्रकारांना जाणारी नोट त्याच फिर्यादीवरून बनते. 'किरकोळ कारणावरून', 'जुन्या भांडणाची कुरापत काढून', 'पूर्ववैमनस्यातून'. पेपरात तेच छापून येतं आणि गावाला तेच पाठ होतं.

यात प्रत्येक वेळी बदमाशी असते असं नाही. बंदोबस्ताची चिंता खरी असते. सण तोंडावर आहे, मिरवणूक आहे, वातावरण बिघडायला नको, असा वरून फोन येतो. मी स्वतः ते दडपण अनुभवलंय. पण शांतता राखायची म्हणून शब्द गाळायचे, हा तपास नव्हे. शब्द लिहून घ्या आणि बंदोबस्तही लावा. दोन्ही कामं पोलिसांचीच आहेत.

दुसरं म्हणजे पुरावा टिकत नाही. ढाब्यावरच्या, पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण डीव्हीआरवर, म्हणजे ते साठवणाऱ्या यंत्रावर, थोडेच दिवस राहतं, मग त्यावर नवीन चढतं. ग्रुपवरचे मेसेज तर अटकेची कुणकुण लागली की उडवले जातात. 'गाडी निघाली, अडवा' असा मेसेज कोणी, किती वाजता टाकला हे सापडलं तर हेतूचा निम्मा प्रश्न सुटतो. ते पहिल्या दोन-तीन दिवसांत हाती लागलं तर लागलं.

पंचवटी_पासधारक:

रेल्वेच्या प्रकरणावर लिहायलाच हवं. मी नाशिकरोडहून मुंबईला जाणारा पासधारक.

जागेवरून भांडण आमच्याकडे रोजचं आहे. बॅग कोणाची, पाय कुठे ठेवले, खिडकी कोणाची, चौथी सीट देणार की नाही. कॉलर धरण्यापर्यंत गोष्टी जातात आणि कसारा यायच्या आत तीच माणसं एकमेकांचा चहा आणतात. एवढ्या वर्षांत जागेच्या भांडणात कोणी कोणाला 'तुझ्या बरणीत काय आहे ते उघडून दाखव' असं म्हटलेलं मी पाहिलं नाही. त्या म्हाताऱ्याच्या सामानातल्या बरण्यांची झडती घ्यायची कल्पना कोणाला सुचली आणि का सुचली, हे 'जागेवरून वाद' या दोन शब्दांत बसत नाही. सुरुवात जागेवरून झालीही असेल. पण ती पुढे ज्या रस्त्याने गेली तो जागेचा नव्हता.

त्या प्रकरणात आधी हलकी कलमं लागली, आरोपींना जामीन मिळाला. व्हिडिओवरून बोंब झाल्यावर कलमवाढ झाली आणि जामीन रद्द झाला. व्हिडिओ आलाच नसता तर?

जून २०१७ मध्ये बल्लभगडजवळ ईदच्या खरेदीहून परतणाऱ्या एका किशोरवयीन मुलाला असंच गाडीत भोसकून मारलं होतं. घरच्यांचं म्हणणं, धर्मावरून बोलले, टोपीवरून चिडवलं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने एका आदेशात म्हटलं की वाद जागेवरून सुरू झाला, आधीपासून योजना असल्याचं दिसत नाही. आता मला कळत नाही ते हे की आधीपासून योजना नसली म्हणजे द्वेष नव्हता, असं कसं? रागाच्या भरात तोंडातून जे निघतं ते माणूस आधी ठरवून थोडंच आणतो? इथल्या वकिलांनी सांगावं.

वकील_सीबीएस:

पासधारक दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. थोडं सविस्तर लिहिते.

खुनाच्या खटल्यात सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं की आरोपीला मारायचंच होतं, किंवा ज्या इजेने माणूस मरेल अशी इजा करायची होती. ती त्याने का केली हा वेगळा मुद्दा. डोळ्यांनी पाहणारे भरवशाचे साक्षीदार असतील तर 'का' सिद्ध न होताही शिक्षा होते. पुरावा परिस्थितीजन्य असला की 'का'ला वजन येतं. आपल्याच कोर्टातलं उदाहरण म्हणजे सोनई हत्याकांड. १ जानेवारी २०१३ ला नेवासे तालुक्यात तीन दलित तरुणांना शौचालयाच्या टाकीच्या कामासाठी बोलावून मारलं. एकाचा देह टाकीत, दोघांचे कोरड्या विहिरीत. सुरुवातीला अपघाताची गोष्ट पुढे केली गेली. खटला नाशिकला चालला, प्रत्यक्षदर्शी नव्हता, सगळी साखळी परिस्थितीची होती. त्यातली मोठी कडी म्हणजे आंतरजातीय प्रेमसंबंधावरचा राग. जानेवारी २०१८ मध्ये नाशिक सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. अपघाताची गोष्ट तपासात टिकली असती तर खटलाच उभा राहिला नसता.

आता नवा कायदा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात किंवा समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा अशाच कारणावरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप आहे. गंभीर दुखापतीसाठी ११७(४) आहे, सात वर्षांपर्यंत. इथे 'का' हा गुन्ह्याचाच भाग आहे, तो सिद्ध झाला नाही तर ते कलमच गळतं. मारणारे चार असले तरी गळतं. आणि यादीत 'धर्म' हा शब्द सरळ लिहिलेला नाही, तो समाज आणि श्रद्धा यांच्यातून आणावा लागतो. मला ही त्रुटी वाटते.

योजनेबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. आधी कट करणं हा द्वेषाचा एक पुरावा झाला, त्याची अट नव्हे. क्षणात पेटलेल्या भांडणातही समोरच्याचा धर्म पाहून हात उचलला गेला असेल तर तो त्याच कारणावरून उचलला गेला.

येवला_१९३५:

हा सगळा वाद आम्हाला नवा नाही. आम्हा दलितांच्या बाबतीत 'हेतू दुसराच होता' हे वाक्य आम्ही पिढ्यानपिढ्या ऐकत आलो.

खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. पहिल्या दिवसांत काय काय सांगितलं गेलं ते आठवा: जमिनीचा वाद, बाईचं चारित्र्य, साक्ष दिली म्हणून सूड. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी दिली, पण अ‍ॅट्रॉसिटी लावली नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची शिक्षा केली, जातीचा हेतू तिथेही मानला गेला नाही. सूड होता म्हणे. असेल. पण गावातल्या वरच्या जातीच्या माणसाने साक्ष दिली असती तर त्याच्या बायकोमुलांना असं मारायला घराघरांतून माणसं बाहेर पडली असती का? हा प्रश्न विचारल्याशिवाय हेतू कळतच नाही.

खर्डा, २०१४. शाळकरी पोरगं मारलं. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये सगळे सुटले. तिथे तर कोणता हेतू खरा, इथपर्यंत गोष्ट पोचलीच नाही.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात पूर्वी 'अनुसूचित जातीचा आहे या कारणावरून' असं सिद्ध करावं लागे, आणि कितीतरी खटल्यांत त्याचा अर्थ 'फक्त याच कारणावरून' असा घेतला गेला. त्यामुळे आरोपीने जमिनीचा एखादा सातबारा पुढे केला की काम झालं. दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. आता गंभीर गुन्ह्यात समोरचा कोणत्या जातीचा आहे हे आरोपीला माहीत होतं, एवढं पुरतं, आणि ओळखीतल्या माणसाच्या बाबतीत ते माहीत होतं असंच न्यायालय धरून चालतं. धर्मावरून होणाऱ्या गुन्ह्यांसाठी असं काहीच नाही. द्राक्षबाग भाऊ, पाण्याच्या पाळीवरून भांडण होतं हे मान्य. पाळी कोणाची शेवटी लागते, हेही बघा.

राले_ते_कॉलेजरोड:

मी मूळची कॉलेज रोडची, सध्या अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात. आमच्या शेजारच्या चॅपल हिल गावातलं प्रकरण या चर्चेशी इतकं जुळतं की सांगते.

१० फेब्रुवारी २०१५. एका माणसाने शेजारच्या घरात घुसून तीन मुसलमान विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या, नवरा-बायको आणि बायकोची बहीण. पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं की प्राथमिक तपासात पार्किंगचा वाद दिसतो. जगभर तेच छापून आलं. मारेकऱ्यानेही तेच सांगितलं: ते उद्धट वागले, शिव्या दिल्या, मला राग आला.

मेलेल्या तरुणाने दार उघडताना मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. मिनिटभराचंही नाही. २०१९ मध्ये मारेकऱ्याने गुन्हा कबूल केला तेव्हा ते न्यायालयात दाखवलं गेलं. त्यात ही मुलं शांतपणे बोलताना ऐकू येतात, शिव्या नाहीत, आणि क्षणात गोळ्या सुरू होतात. त्याला तीन जन्मठेपा झाल्या. द्वेषाच्या गुन्ह्याचं वेगळं कलम लागलंच नाही. पण त्याच वर्षी तिथल्या पोलीस प्रमुखांनी जाहीरपणे मान्य केलं की ही हत्या पार्किंगच्या वादापुरती नव्हती, आणि हे चार वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

पार्किंगचा वाद तिथे होता, हे खरंच आहे. तो माणूस इतर शेजाऱ्यांशीही भांडायचा. गोळ्या मात्र त्याने या तिघांनाच घातल्या. त्यांच्या घरच्यांना चार वर्षं 'पार्किंग' हा शब्द ऐकत काढावी लागली. ते मला फार लागतं.

मोसमकाठ:

मालेगावहून लिहितोय. शिक्षक आहे.

आमच्या गावाने दोन्ही बाजू भोगल्या आहेत. ८ सप्टेंबर २००६ ला शब-ए-बारातच्या शुक्रवारी कब्रस्तानात, मशिदीजवळ स्फोट झाले. मेले ते आमचेच, आणि पकडलेही आमचेच. कोणी केलं आणि कशासाठी याची गोष्ट फार लवकर ठरली. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्या तरुणांना दोषमुक्त केलं. नऊ जणांपैकी एक तोवर हयात नव्हता. एकाच्या धाकट्या भावाला मी शिकवलंय. त्या घरात दहा वर्षांनी निकालाचा कागद आला तेव्हा पेढे वाटायचे की रडायचं, हे कोणाला कळेना.

म्हणून घाईने हेतू ठरवू नका म्हणणाऱ्या द्राक्षबाग भाऊंशी मी एका अर्थाने सहमत आहे. फरक एवढाच की घाई दोन्हीकडून होते. 'द्वेषच आहे' ही जशी घाई, तशी 'द्वेष नाहीच' हीसुद्धा घाई.

दुसरी आठवण १ जुलै २०१८ ची. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मंगळवेढ्याकडच्या भटक्या समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून ठेचून मारलं. त्याच दिवशी मालेगावातही अशाच अफवेवरून भटक्या समाजातलं एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडलं होतं. पोलिसांनी त्यांना वाचवलं. राईनपाड्याबद्दल सगळे म्हणतात, अफवेने मारलं. मोबाईलवरची अफवा होती हे खरं. पण अफवेत कोणाचं नाव नव्हतं, फोटो नव्हता. मग बाजारात आलेल्या शेकडो परक्या माणसांतून नेमके भिक्षा मागणारेच का उचलले गेले? फाटके कपडे, पालावरचं राहणं, वेगळी बोली. मनात आधीपासून जे असतं ते अफवेला दिशा देतं. तिथल्या खटल्यात २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप झाली, पण हा प्रश्न मी कुठेच वाचला नाही.

समुपदेशक_नाशिकरोड:

मानसिक आजाराबद्दल थोडं. मी रोज अशा रुग्णांसोबत काम करते आणि प्रत्येक भयंकर गुन्ह्यानंतर 'वेडा होता' हे ऐकून मला त्रास होतो. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कोणाला इजा करत नाहीत, उलट तीच मार खातात.

कायद्याची कसोटी आजार आहे की नाही ही नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, पूर्वीच्या दंडविधानातलं ८४, विचारतं की कृत्याच्या वेळी आपण काय करतोय, किंवा ते चूक किंवा बेकायदा आहे, हे कळण्याची क्षमता होती का. निवडून माणसं मारणाऱ्याच्या बाबतीत तो बचाव सोपा नसतो. आणि आजार खरा असला तरी भ्रमात कोण शत्रू दिसतो ते माणूस आजूबाजूच्या बोलण्यातूनच उचलतो. रोज कानावर एकाच समाजाचं नाव पडत असेल तर भ्रमालाही तेच नाव मिळतं.

द्राक्षबाग:

सगळ्यांचं नीट वाचलं. येवलाकरांचा पाण्याच्या पाळीचा मुद्दा झोंबला, पण खोटा नाही. राईनपाड्याचंही मी कधी तसं पाहिलं नव्हतं.

तरी माझी भीती जात नाही. हेतू लिहायचाच असं ठरलं तर उद्या प्रत्येक जण आपल्या भांडणात तो लिहून घेईल. हडपसरला २०१४ मध्ये नमाजाहून परतणाऱ्या इंजिनिअर पोराला मारलं. एवढं गाजलेलं प्रकरण, हेतूवर उच्च न्यायालयाच्या जामिनाच्या आदेशात चर्चा, मग सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो आदेश फिरवला, आणि २०२३ मध्ये सगळे निर्दोष. म्हणजे हेतूवर एवढं बोलून शेवटी हाताला काय लागलं?

गोदातीर:

हडपसरनेच माझ्या मनात हा धागा पेरला. तिथे हेतूवर बोलणारे पुष्कळ होते. मारणारा हात नेमका कोणाचा, हे न्यायालयाला पटेल असं सिद्ध झालं नाही. आपण टीव्हीवर 'का' यावर भांडत राहतो आणि 'कोण' आणि 'कसं' यांचा पुरावा तोवर निसटतो. निवृत्त काकांनी डीव्हीआरचं लिहिलं ते मला या धाग्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हेतू न्यायालयातच ठरू दे, पण तो ठरवायला लागणारा माल पहिल्याच आठवड्यात गोळा झाला पाहिजे. तो गोळा होतोय की नाही एवढ्यावर तरी इथल्या सगळ्यांनी एकत्र आवाज उठवावा, मग आपापली गोष्ट काहीही असो.

मोसमकाठ:

वकीलताई, एक व्यवहाराचा प्रश्न. आमच्याकडचे लोक विचारतात की पहिल्या फिर्यादीत ते शब्द आलेच नाहीत तर संपलं का? गरीब माणूस त्या रात्री काय सही करतो ते त्यालाही माहीत नसतं.

वकील_सीबीएस:

संपत नाही, सर. फिर्यादीत प्रत्येक तपशील असायलाच हवा असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. पण जेवढा उशीर तेवढा संशय, म्हणून हे करा.

फिर्यादीची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. ती घरी आणून जखमी माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. सुटलेलं लगेच पुरवणी जबाबात घ्यायला सांगा. मारताना वापरलेले शब्द ज्या भाषेत होते त्याच भाषेत, जसेच्या तसे. साक्षीदारावर दबाव येईल असं वाटलं तर न्यायदंडाधिकाऱ्यासमोर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली जबाब नोंदवायचा आग्रह धरा, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १६४. कोणत्या दुकानाचा, कोणत्या टोलनाक्याचा कॅमेरा जप्त करायचा याचा लेखी अर्ज तपासी अंमलदाराला द्या आणि प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवा. झुंडबळीच्या घटनांसाठी प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ च्या निकालात सांगितलं आहे, त्याचा अर्जात उल्लेख करा. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर आता बंधनकारक आहे.

द्राक्षबाग दादा, तुमच्या भीतीवरही हाच उपाय आहे. शब्द, वेळ, कॅमेरा आणि फोन हे सगळं नोंदलं गेलं की रागाच्या भरात लावलेला खोटा शिक्का उलटतपासणीत टिकत नाही. आरोपीलाही त्याच कॅमेऱ्याचं चित्रण मागता येतं.

अर्ज दिल्यावर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. पोच दिली नाही तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.